हबचं काम केलं म्हणून बिल, आत छर्रे आणि कोन जुनेच

सायकलचं मागचं चाक दुरुस्तीला टाकणार असाल, तर आधी हे वाचा. गेलेली रक्कम साडेनऊशे रुपये. पण माझी लेक त्याच सायकलवर यवतेश्वरचा घाट उतरते. चाकाच्या पोटात, म्हणजे तारा जिथे जुळतात त्या मधल्या हबमध्ये, काय आहे ते गिऱ्हाईकाला वरून दिसत नाही, आणि नेमका त्याचाच फायदा घेतला गेला. माझा राग पैशांपेक्षा त्यावर जास्त आहे.

पावसाळाभर कास रस्त्यावरची लाल माती आणि पाणी खाऊन मागचं चाक हलायला लागलं होतं. रिम धरून डावी-उजवीकडे ढकलली की टक्‌ टक्‌ लागायचं. साताऱ्यातल्याच एका दुकानात सायकल दिली. दुकानदार म्हणाला, "ताई, हब पूर्ण खोलावा लागणार. छर्रे गेलेत, दोन्ही कोन गेलेत. सगळं नवीन टाकतो, वर्षभर बघायला नको." कोन म्हणजे हबमधून जाणाऱ्या दांड्यावरचे, ॲक्सलवरचे, निमुळते नट; छर्रे त्यांच्यावरून फिरतात. संध्याकाळी चाक न हलता अगदी गुपचूप फिरत होतं. बिलावर छर्रे, दोन कोन, ग्रीस आणि मजुरी. जुने कोन मागितले, तर "भंगारात गेले" असं उत्तर आलं.

महिन्याच्या आतच खरखर सुरू झाली. चाक पुन्हा हलायला लागलं, घाटातल्या वळणावर रिम ब्रेकच्या रबराला घासायला लागली. या वेळी सायकल एका जुन्या मिस्त्रींकडे नेली आणि समोर बसून काम बघितलं.

त्यांनी चाक काढलं, ॲक्सल बोटांनी फिरवून बघितला आणि माझ्या हातात दिला. दाणे अडकल्यासारखा कचकचत होता. मग पातळ कोनपाना लावून डाव्या बाजूचा लॉकनट आणि कोन सोडवला, खाली ताटली धरली आणि ॲक्सल उजवीकडून ओढून काढला. ताटलीत पडलं ते चिंचेच्या कोळासारखं काळपट, घट्ट गाळ आणि त्यात रुतलेले छर्रे. मागच्या चाकाला साधारणपणे पाव इंची छर्रे लागतात, एका बाजूला नऊ, दोन्ही मिळून 18. आमच्यात एका बाजूला आठच निघाले. रॉकेलमध्ये धुऊन फडक्यावर ठेवले, तर एकालाही चकाकी नाही, दोन चक्क चपटलेले.

कोन त्यांनी मला नख फिरवून बघायला सांगितलं. छर्रे ज्या पट्ट्यावरून फिरतात तिथे गोल खड्ड्यांची रांगच होती. मी म्हटलं, महिन्यात नवा कोन असा होऊ शकतो का? ते म्हणाले, "फार आवळला तर खड्डे पडतील ताई. पण ह्या खड्ड्यांच्या आत गंज आहे बघा. हे जुनंच आहे." फ्रीव्हीलच्या (चेन बसते त्या मागच्या दातेरी चक्राच्या) खाचांतही लाल माती तशीच सुकलेली होती. फ्रीव्हील न काढताही ॲक्सल निघतो, म्हणून तेवढ्यावरून दोष देता येत नाही, हेही त्यांनीच सांगितलं. पण उजव्या बाजूचा कप (हबमधली छर्रे बसायची वाटी) नीट पुसून ग्रीस भरायचं, तर फ्रीव्हील काढणंच बरं.

मग आधी चाक गुपचूप फिरलं कसं? कोन थोडा आवळला की हलणं थांबतं. बाहेरून पातळ ऑइल मारलं की सुकलेलं ग्रीस भिजतं आणि आवाज बंद होतो. दहा मिनिटांचं काम. गिऱ्हाईक चाक फिरवून बघतं, खूश होऊन पैसे देतं. पुढे तेच पातळ ऑइल उरलंसुरलं ग्रीस धुऊन बाहेर काढतं, आवळलेला कोन छर्‍यांवर दाबत राहतो, आणि कोन-छर्‍यांबरोबर हबमधला कपही झिजायला लागतो. छर्रे सगळ्यात स्वस्त. कोनही मिळतात. पण असल्या साध्या हबमधला कप सहसा बदलता येत नाही. तो गेला की नवा हब घेऊन सगळ्या तारा परत ओवाव्या लागतात. आमच्या उजव्या कपावर खड्डे पडलेच आहेत. नवे छर्रे, नवे कोन घालूनसुद्धा ते चाक जेमतेम एखादं वर्ष चालेल, असं मिस्त्रींचं मत.

ताटलीचे, कोनांचे फोटो आणि बिल घेऊन दुकानात गेले. आधी "तुम्ही चिखलात चालवली" झालं, मग "पोरानं केलं होतं, मला माहीत नाही." शेवटी कोनांचे तेवढे पैसे परत देतो म्हणाला. मी ते घेतले नाहीत. काम न करता बिल लावलंय, तर पूर्ण रक्कम परत हवी.

तुम्ही चाक टाकाल तेव्हा सामान घालायच्या आधी, हब उघडा असताना बोलवायला सांगा. नाही जमलं तर फोटो मागा. जुने छर्रे आणि कोन पुडीत बांधून ठेवायला आधीच सांगा, काम झाल्यावर मागितले तर "भंगार" हेच ऐकायला मिळतं. सायकल घरी आल्यावर चाक काढून ॲक्सल बोटांनी फिरवा: घट्ट लागला किंवा कचकचला, तर त्याच दिवशी परत न्या. एक मात्र लक्षात ठेवा, क्विक रिलीजच्या, म्हणजे पाना न लावता खटक्याने निघणाऱ्या, चाकात चाक बाहेर असताना किंचित हलणं ठेवतात, कारण खटका दाबल्यावर ॲक्सल दाबला जातो आणि ते जातं. तेवढ्यावरून कारागिराशी भांडू नका.

बिल मात्र सामानाच्या नावांसकट घ्या. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीच अनुचित व्यापार प्रथा धरली आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915. जिल्हा ग्राहक आयोगाकडे पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी लागत नाही. माझं बिल, फोटो आणि आठ-नऊ छर्‍यांच्या दोन पुड्या तयार आहेत, तक्रार ह्याच आठवड्यात देतेय.