पहिली शिकारीची बंदूक: 20 गेज, 12 गेज, .22 की सरळ हरणाची रायफल?

अमेरिकेत येऊन काही वर्षं झाली की ऑफिसातला कोणीतरी विचारतोच, नोव्हेंबरात हरणाच्या सीझनला येणार का, आणि मग आपला माणूस हंटर एज्युकेशनचा कोर्स करतो, लायसन्स काढतो आणि दुकानाच्या काउंटरसमोर उभा राहून गोंधळतो. साहजिकच आहे. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार संपली, गावाकडे कोणाकडे पीक राखायला ठासणीची बंदूक किंवा बारा बोअर असेल तेवढीच, त्यामुळे इथल्या पोरांना बापाकडून, मामाकडून जे आयतं कळतं ते आपल्याला कळत नाही. म्हणून चार पर्याय समोरासमोर ठेवतोय. मी ओहायोत शिकार करतो, तर उदाहरणं तिथली जास्त येतील.

आधी एक गोष्ट, कारण ही चुकली तर बाकी सगळं वाया. H-1B, L-1, F-1 असल्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर असाल तर फेडरल कायद्याने बंदूक किंवा गोळ्या जवळ बाळगायलाच बंदी आहे, वैध हंटिंग लायसन्स हा त्यातला एक अपवाद. मात्र लायसन्सची मुदत संपली आणि बंदूक कपाटातच राहिली तर तो अपवादही संपतो आणि तुम्ही गुन्ह्यात सापडता, इमिग्रेशनची फाइल चालू असताना हे किती महागात पडेल ते सांगायला नको. व्हिसावर असाल तर वकिलाला विचारल्याशिवाय विकत घेऊ नका. ग्रीन कार्डवाल्यांना व्हिसाची ही अडचण नाही.

आता बंदुका. माझं मत आधीच सांगून टाकतो: अजून नक्की काय मारायचं ते ठरलं नसेल तर 20 गेजची पंप शॉटगन घ्या. शॉटगन म्हणजे छर्रे उडवणारी बंदूक, पंप म्हणजे दर बारानंतर पुढची मूठ हाताने मागे-पुढे करून काडतूस भरायचं, आणि गेज म्हणजे नळीच्या भोकाचं माप, आकडा लहान तितकी नळी रुंद. ससा, खार, कबूतर, फेझंट, टर्की सगळं एकाच बंदुकीत होतं, आणि स्लग म्हणजे एकच मोठी गोळी असलेलं काडतूस टाकलं की हरीणसुद्धा. साध्या नळीतून स्लग साधारण 75 यार्डांपर्यंत भरवशाचा, आटे पाडलेली नळी लावली तर शंभरच्या पुढे. 12 गेज म्हणजे आपलं बारा बोअर, त्यात छर्रे जास्त बसतात, साधारण 32 ग्रॅम, तर 20 मध्ये 25 च्या आसपास. ऐकायला 12 भारी वाटतं आणि दुकानदारही बहुतेक वेळा तेच पुढे करतो, पण नवीन माणसाचा खांदा दोन पाकिटांत दुखायला लागतो, मग तो बार उडायच्या आधीच डोळे मिटायला शिकतो आणि ती सवय जाता जात नाही. बदकं आणि गूज हेच तुमचं मुख्य काम असेल तर मात्र बिनधास्त 12 घ्या, कारण 1991 पासून पाणपक्ष्यांवर शिशाचे छर्रे देशभर बंद आहेत, स्टील हलकं असतं आणि तिथे मोठ्या काडतुसाचा खरंच फायदा होतो. पण कोणाची जुनी बंदूक स्वस्तात मिळत असेल तर ती स्टीलला चालते का ते गनस्मिथकडून, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्याकडून, बघून घ्या, जुन्या फुल चोकच्या, म्हणजे तोंडाशी बऱ्याच अरुंद केलेल्या, नळ्या स्टीलने खराब होऊ शकतात.

20 बद्दल एक उलट बाजू पण आहे. बंदूक हलकी असते म्हणून तीन इंची मॅग्नम, म्हणजे जास्त भरलेलं, काडतूस टाकलं की तीही चांगलीच धक्का देते, सरावाला साधी पावणेतीन इंचीच वापरा. आणि घरात दोन्ही गेज असतील तर हे नीट लक्षात ठेवा: 20 चं काडतूस 12 च्या नळीत सरकून पुढे अडकतं, मागून 12 चं बसतंसुद्धा, आणि घोडा दाबला की नळी फुटते. म्हणूनच 20 ची काडतुसं पिवळी असतात. जॅकेटच्या एकाच खिशात दोन्ही कधीच ठेवायची नाहीत, कधीच.

मॉडेल म्हणाल तर मॉसबर्ग 500 आणि रेमिंग्टन 870, दोन्ही पंप, दोन्ही कित्येक दशकांच्या. 870 ची बॉडी स्टीलची, हातात भक्कम लागते. मॉसबर्गचा सेफ्टी, म्हणजे चुकून बार उडू नये म्हणूनचा खटका, वर अंगठ्याखाली असतो, त्यामुळे डावखुऱ्याला फार सोयीचा, आणि बंदूक खांद्याला असतानाही दिसतो, मला हे नवीन माणसासाठी जास्त मोलाचं वाटतं.

.22 रायफल (आकडा म्हणजे साधारण गोळीची जाडी, इंचात) शिकायला सर्वात छान, धक्का जवळजवळ नाही, गोळ्या स्वस्त, दिवसभर रेंजवर बसा. रुगर 10/22 सगळीकडे दिसते पण शिकताना बोल्ट अ‍ॅक्शन बरी, दर वेळी हाताने बोल्ट ओढून पुढची गोळी भरायची, म्हणून प्रत्येक गोळीमागे थांबून विचार करावा लागतो. मात्र हिच्याने हरीण मारायचं नाही, बहुतेक राज्यांत बेकायदा आहे आणि जनावर जखमी होऊन पळतं, तडफडतं. शिवाय एवढीशी गोळी एक मैलाच्या पुढे जाते, त्यामुळे झाडाच्या शेंड्यावर आभाळासमोर बसलेल्या खारीवर .22 कधीच चालवू नका, तिथे शॉटगनच.

फक्त हरीणच मारायचं असं ठाम ठरलंय? मग रायफल, पण आधी राज्याचे नियम वाचा. पेनसिल्व्हेनिया, टेक्सस असल्या राज्यांत .243 (1955 ची, धक्का कमी), 6.5 क्रीडमूर किंवा .308, ही तिन्ही काडतुसं चालतात, आणि नवख्याला मी .243 किंवा क्रीडमूर सांगेन, .308 पुढे कधीतरी. ओहायोत मात्र बाटलीसारखी मान असलेली ही काडतुसं हरणाला चालत नाहीत, 2014 पासून सरळ भिंतीच्या काडतुसाच्या रायफली चालतात, आणि त्यात 2019 मध्ये आलेलं .350 लेजंड नवीन माणसाला फार सोपं जातं, धक्का कमी आणि दीडशे यार्डांपर्यंत हरणाला पुरेसं. रुगर अमेरिकन किंवा सॅव्हेज अ‍ॅक्सिस, दोन्ही परवडणाऱ्या, पण रायफलसोबत आलेली दुर्बीण बहुतेक वेळा साधारणच असते, शक्य असेल तर ती वेगळी घ्या.

काहीही घ्या, विकत घेण्याआधी हातात धरून बघा. रिकामी आहे ना हे स्वतः तपासायचं, मग दस्त्याचं टोक कोपराच्या आतल्या बाजूला टेकवायचं आणि बोट घोड्यापर्यंत आरामात पोचतंय का बघायचं. ओढून ताणून पोचत असेल तर दस्ता लांब आहे. आपल्याकडच्या बऱ्याच बायकांना आणि बुटक्या पुरुषांना 14 इंची दस्ता लांब पडतो, तेव्हा युथ मॉडेल, म्हणजे आखूड दस्त्याची बंदूक, मागायला लाजू नका, नेम तोच. आणि कुठला डोळा जोरदार आहे, म्हणजे नेम धरताना कुठला डोळा पुढाकार घेतो, तेही बघा, उजव्या हाताचे असून डावा डोळा पुढे असणारे पुष्कळ असतात, त्यांनी पहिल्या दिवसापासून डाव्या खांद्यावरून शिकलेलं बरं, आणि अशांनी मॉसबर्गच बघावी.