पोर्टेबल एडीएस-बी रिसीव्हर: काही महिन्यांच्या वापरानंतर

छोट्या विमानात ट्रॅफिक दाखवणारा पोर्टेबल रिसीव्हर घ्यावा का? माझं उत्तर: जरूर घ्यावा. पण विमानतळापासून आठ-दहा मैलांवर तो जितका कामाला येतो, तितका सर्किटमध्ये (उतरण्याआधी धावपट्टीभोवती घ्यायच्या ठरावीक फेरीत) शिरल्यावर येत नाही. कंट्रोल टॉवर असलेल्या आणि नसलेल्या, दोन्ही प्रकारच्या विमानतळांवर मी तो वापरतोय आणि हा फरक दर वेळी जाणवतो.

आजूबाजूची विमानं आपली जागा, उंची आणि वेग साधारण दर सेकंदाला प्रसारित करतात; यालाच एडीएस-बी म्हणतात. रिसीव्हर ते १०९० मेगाहर्ट्झवर ऐकतो (अमेरिकेत ९७८ वरही) आणि टॅब्लेटवरच्या नकाशावर मांडतो. खुणेशेजारी ‘-०३’ दिसलं तर ते विमान आपल्यापेक्षा ३०० फूट खाली, आणि सोबतचा बाण वर असेल तर ते चढतंय. म्हणजे आपल्याच उंचीकडे येतंय.

याचा खरा फायदा काय, ते धुरकट हवेत विमानतळाकडे येताना कळतं. जे विमान आपल्यावर आदळायच्या मार्गावर असतं, ते काचेत जागचं हलत नाही. आपली नजर हालचाल चटकन टिपते, स्थिर ठिपका मात्र सुटतो. तो बराच वेळ ठिपकाच राहतो आणि अगदी शेवटच्या काही सेकंदांत भसकन मोठा होतो. विमान दिसल्यापासून धोका ओळखून आपलं विमान प्रत्यक्ष वळेपर्यंत साधारण १२.५ सेकंद जातात, असं अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाचं मार्गदर्शक पत्रक सांगतं. रिसीव्हर ‘घड्याळातल्या अकराच्या दिशेला, चार मैल’ एवढं जरी सांगत असला, तरी सगळं आकाश चाळण्याऐवजी एका तुकड्यावर नजर रोखता येते. तिथे बहुतेकदा विमान सापडतंच.

आता उणिवा. आधी मी तो डॅशबोर्डवर ठेवायचो. तिथे विमानाच्या धातूच्या बॉडीमुळे सिग्नल अडतो आणि मागचं, खालचं विमान मध्येच गायब होतं. मागच्या बाजूच्या खिडकीला सक्शन कपने लावल्यावर बराच फरक पडला, पण आंधळे कोपरे पूर्ण गेले नाहीत. फायनलवर (धावपट्टीकडे सरळ उतरतानाच्या शेवटच्या टप्प्यात) धोका नेमका याच कोपऱ्यांत असतो: वर लो-विंग (पंख खाली असलेलं) विमान, खाली हाय-विंग (पंख वर असलेलं), आणि दोघांच्याही नजरेआड स्वतःचाच पंख.

जे प्रसारितच करत नाही, ते दिसणार नाही. ग्लायडर, वीजयंत्रणा नसलेली जुनी विमानं यांत येतात. साधा ट्रान्सपॉन्डर (रडारला उत्तर देणारं, पण जागा न सांगणारं यंत्र) असलेल्या विमानाचं माझा रिसीव्हर फक्त उंची आणि अंदाजे अंतर दाखवतो, दिशा नाही. सर्किटमध्ये तर इशारे थांबतच नाहीत, कारण तिथे सगळेच जवळ असतात. म्हणून डाउनविंडला (सर्किटच्या धावपट्टीला समांतर बाजूला) लागण्याआधी मी टॅब्लेटवरून नजर काढतो. पुढे फक्त काचेबाहेर पाहणं आणि रेडिओ.

तरी रेडिओ कॉल दिले म्हणजे झालं, असंही नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये कॅलिफोर्नियात वॉटसनव्हिलला, टॉवर नसलेल्या विमानतळावर, सर्किटमधलं सेस्ना १५२ आणि सरळ फायनलवर आलेलं दोन इंजिनांचं सेस्ना ३४० एकमेकांवर आदळलं. तिघं गेले. दोन्ही वैमानिक कॉल देत होते. ३४० चा वेग १८० नॉट्सच्या आसपास होता, फायनलसाठी फारच जास्त. त्या अपघाताचा अहवाल वाचल्यापासून कुणी ‘स्ट्रेट-इन’ म्हटलं की मी नुसतं अंतर नाही, वेगही बघतो, आणि शंका आली तर बेसला (डाउनविंड आणि फायनल जोडणाऱ्या बाजूला) वळतच नाही, डाउनविंड लांबवतो. वेगाचा हा आकडा स्क्रीनवर आयता मिळतो, आणि सर्किटमध्ये टॅब्लेटकडे पुन्हा पाहायला माझ्या मते हे एकच कारण पुरेसं आहे.

किरकोळ गोष्टी: ॲपमध्ये आपल्या विमानाचा आयकाओ कोड (प्रत्येक विमानाचा वेगळा ओळख क्रमांक) नक्की टाका, नाहीतर स्वतःचंच विमान ट्रॅफिक म्हणून मागे लागतं. कडक उन्हात टॅब्लेट तापून बंद पडतो, म्हणून तो काचेखाली ठेवू नका.

आणि पैसे एकाच गोष्टीपुरते असतील, तर आधी एडीएस-बी आउट (आपल्या विमानाची माहिती प्रसारित करणारं यंत्र) बसवा. अमेरिकेत १ जानेवारी २०२० पासून बऱ्याचशा नियंत्रित हवाई क्षेत्रात ते सक्तीचं आहे, टॉवर नसलेल्या अनेक विमानतळांवर नाही. हा पोर्टेबल रिसीव्हर फक्त ऐकतो. त्याच्या भरवशावर दुसऱ्याच्या स्क्रीनवर आपण दिसत नाही.