गरम गॅरेजमधला इंजिनचा धूर: भिंतीत फॅन बसवावा की सायलेन्सरला होज लावावा?

थंडीच्या दिवसात घरच्या गॅरेजमध्ये गाडीवर काम करायचं म्हणजे शटर खाली, हीटर चालू, सगळं कसं छान चाललेलं असतं आणि मग इंजिन चालू करून बघायची वेळ येते, तेव्हा प्रश्न पडतो की हा धूर घालवायचा कुठून. मी दोन हिवाळे भिंतीतल्या एक्झॉस्ट फॅनवर काढले, मग एक हिवाळा सायलेन्सरला नुसता होज लावून काढला, आणि गेली दोन वर्षं होजच्या शेवटी ब्लोअर बसवून काम करतोय, म्हणजे तिन्ही प्रकार स्वतः वापरून झालेत. कार्बन मोनॉक्साइड जीवघेणा असतो हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो.

ज्यांना वाटतं की शटर अर्धं वर केलं की भागतं, त्यांच्यासाठी एकच गोष्ट सांगतो. आयोवा स्टेट युनिव्हर्सिटीच्या चाचणीत शटर उघडं ठेवून फक्त २ मिनिटं गाडी चालू ठेवली होती, तरी गॅरेजमध्ये ५०० पीपीएमपर्यंत (म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ५०० भाग) कार्बन मोनॉक्साइड साठला, आणि गाडी बाहेर काढून १० तास झाले तरी मीटरवर दिसेल इतका तो शिल्लक होता. कारण थंड इंजिन पेट्रोल जास्त ओढतं आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधला, धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत तापल्याशिवाय नीट कामच करत नाही, म्हणजे गॅरेजमध्ये आपण इंजिन चालू करतो तीच नेमकी सगळ्यात वाईट दोन-चार मिनिटं असतात. जुनी कार्ब्युरेटरवाली गाडी असेल तर बऱ्याचदा कन्व्हर्टर नसतोच, अशी गाडी गरम झाली तरी फार फरक पडत नाही.

आता फॅनचं. फॅनच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. काही जोडायचं नाही, काढायचं नाही, बटण दाबलं की चालू, गाडी कुठेही उभी असो, मोटारसायकल असो की गवत कापायचं मशीन. ब्रेक क्लीनरचा वास, पेट्रोलची वाफ, पेंटचा वास हे होज कधीच ओढणार नाही, फॅन ओढतो. शिवाय गॅरेज घराला चिकटून असेल तर हिवाळ्यात घरातली गरम हवा वर वर जाऊन निसटत राहते आणि तिची जागा घ्यायला घर गॅरेजमधली हवा आत ओढतं, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. फॅन चालू असला की उलटं होतं, गॅरेज घराकडून हवा घेतं आणि धुराचा वास घरात शिरत नाही. ही फॅनची खरी जमेची बाजू, आणि ती मी आजही मानतो.

पण फॅन धूर पकडत नाही, पातळ करतो. आधी धूर पूर्ण गॅरेजभर पसरतो, तुमच्या नाकातोंडात जातो, आणि मग फॅन ती सगळी हवा हळूहळू बाहेर काढतो. माझं गॅरेज साधारण ९० घनमीटरचं आहे आणि फॅन तासाला ८०० घनमीटरचा होता, म्हणजे हिशेबाने सातेक मिनिटांत हवा एकदा बदलली. पण एकदा बदलली म्हणजे धूर गेला असं नसतं, नवी हवा जुनीत मिसळत असते, त्यामुळे पहिल्या सात मिनिटांनंतरही तिसऱ्या हिश्शाहून जास्त धूर आतच असतो, ५ टक्क्यांपर्यंत यायला वीस-बावीस मिनिटं जातात, आणि तेही इंजिन बंद केल्यावर मोजायला सुरुवात करायची.

हे सगळं मी चालवून घेतलं असतं. मला ज्या गोष्टीने फॅन सोडायला लावला ती वेगळीच आहे, आणि ती कुठल्या माहितीपत्रकात सापडणार नाही. फॅन जेवढी हवा बाहेर फेकतो तेवढी कुठून तरी आत यायलाच हवी, आणि माझ्याकडे ती शटरच्या खालच्या फटीतून यायची. जमिनीलगत, सरळ, बर्फासारखी. आणि मी असायचो कुठे, तर गाडीच्या खाली पाठीवर पडलेलो, एका हातात टॉर्च, एका हातात पाना, एक्झॉस्टच्या जॉइंटमधून फुसफुस कुठून होतेय ते ऐकतोय, आणि तो गार हवेचा पट्टा कॉलरमधून आत शिरून कमरेपर्यंत जायचा. पाच मिनिटांत बोटं आखडायची, नट हातातून सुटायचा. इंजिन चालू ठेवायचं तर फॅन चालू ठेवणं भाग, आणि फॅन चालू ठेवला तर खाली पडून काम करणं अशक्य, म्हणजे ज्या कामासाठी गॅरेज गरम केलं तेच काम होत नव्हतं. फटीला रबर लावून पाहिलं, तर हवा बाजूच्या फटींतून शिट्टी वाजवत यायला लागली आणि फॅनचा जोरही कमी झाला, ते साहजिकच आहे म्हणा. वरच्या बाजूला हवा आत घ्यायला वेगळी खिडकी केली तेव्हा थोडा फरक पडला, पण गार हवा जड असते, ती शेवटी खालीच येऊन बसते.

हीटरचा हिशेबही एकदा मांडून पाहा. बाहेर उणे ५ आणि आत १८ असताना तासाला ८०० घनमीटर हवा बाहेर फेकायची म्हणजे साधारण ६ किलोवॅट उष्णता नुसती बाहेर जाते. माझा हीटर ५ किलोवॅटचा. तो पूर्ण ताकदीने चालू असूनही गॅरेज गारच होत जायचं आणि फॅन बंद केल्यावर पुन्हा पहिल्यासारखं ऊबदार व्हायला पाऊण तास जायचा. माझा हीटर विजेवरचा आहे, पण ज्यांच्याकडे गॅसचा किंवा लाकडाचा, आतलीच हवा घेऊन जळणारा आणि साध्या धुराड्याचा हीटर आहे त्यांनी मोठा फॅन लावताना खरंच जपून, कारण गॅरेजमध्ये हवेचा दाब कमी झाला की धुराड्यातून धूर वर जायच्या ऐवजी उलटा खाली येतो, म्हणजे एक धूर काढायला गेलो आणि दुसरा घेऊन बसलो.

मग होज. विचार साधा आहे, जिथे धूर निघतो तिथेच तो पकडायचा. दोन लिटरचं इंजिन आयडलला, म्हणजे रेस न देता नुसतं चालू असताना, तासाला पंधरा-वीस घनमीटर धूर सोडत असेल, आणि तेवढ्यासाठी मी ८०० घनमीटर गरम हवा फेकत होतो. सिलिकॉनचा उष्णता सहन करणारा चार इंची होज आणला, भिंतीत भोक पाडून बाहेर झडप बसवली, एक टोक सायलेन्सरवर रबरी कोनने घट्ट बसवलं. पहिल्याच दिवशी फरक कळला, आत ऊब तशीच आणि डोळे चुरचुरत नाहीत. (पीव्हीसीचा पाईप किंवा कपडे वाळवायच्या मशीनचा फॉइलचा डक्ट वापरू नका, पीव्हीसी ८० अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि फॉइल पायाखाली आलं की फाटलंच.)

पण नुसत्या होजचे दोन दोष आहेत. एक म्हणजे पाणी. लिटरभर पेट्रोल जळलं की जवळजवळ लिटरभर पाणी तयार होतं, ते वाफेच्या रूपात होजमध्ये जातं आणि होज जिथे लोंबतो तिथे थंड होऊन साचतं. माझ्याकडे होजला मध्ये झोळ होता, महिन्याभरात आतून गुडगुड आवाज यायला लागला, मी दुर्लक्ष केलं, आणि एक दिवस पाण्याने वाट अडली, वरून बाहेरची झडप बर्फाने चिकटलेली, इंजिनला जरा रेस दिली तर कोन सायलेन्सरवरून फटकन निसटला. मीटर भिंतीवर होता म्हणून लगेच समजलं, शटर उघडून बाहेर पळालो, तोपर्यंत आकडा २०० च्या वर गेलेला. दुसरा दोष त्याहून महत्त्वाचा वाटतो मला. नुसत्या होजमध्ये इंजिन धूर ढकलत असतं, म्हणजे आतला दाब खोलीपेक्षा जास्त, त्यामुळे कुठेही बारीक भोक असलं, क्लॅम्प सैल असला, तर धूर खोलीतच येणार, आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसल्यामुळे तुम्हाला कळणारही नाही.

म्हणून शेवटी ब्लोअर लावला, आणि तो भिंतीपाशी लावला, सायलेन्सरपाशी नाही. जागा महत्त्वाची आहे. ब्लोअर बाहेरच्या टोकाला असला की अख्ख्या होजमध्ये ओढ तयार होते, भोक पडलं तरी खोलीतली हवा आत ओढली जाते, धूर बाहेर येत नाही. आणि मग कोन घट्ट बसवायचा नाही, सायलेन्सरभोवती नरसाळ्यासारखं तोंड ठेवून बोटभर फट ठेवायची, त्या फटीतून खोलीची हवा मिसळते, धूर थंड होतो, ब्लोअरवर ताण येत नाही आणि मोटारसायकलच्या तिरक्या सायलेन्सरलाही स्टँडवर ठेवून तेच नरसाळं चालतं. माझा ब्लोअर तासाला साधारण २०० घनमीटर ओढतो, त्याच गारठ्यात दीड किलोवॅटच्या आसपास उष्णता जाते, ती हीटर सहज भरून काढतो, आणि तो जमिनीलगतचा पट्टा मला आता जाणवत नाही. होज भिंतीकडे उतरता बांधलाय, झोळ नाही, सगळ्यात खालच्या जागी छोटी तोटी आहे, ती आठवड्याला उघडतो तेव्हा कपभर काळपट पाणी निघतं. मोटर हवेच्या वाटेबाहेर असलेला ब्लोअर घ्या, प्लास्टिकचा बाथरूम फॅन नको, तो या तापमानाचाही नाही आणि पेट्रोलच्या वाफेसाठीही नाही.

त्रास इथेही आहे, नाही असं नाही. दरवेळी होज ओढून आणायचा, नरसाळं नीट लावायचं, गाडी जरा मागेपुढे केली की पुन्हा लावायचं, आणि हे विसरून गाडी बाहेर काढली तर होज फाटतो. दोन सायलेन्सरची गाडी असेल तर वाय जोड लागतो. आणि मॅनिफोल्डच (इंजिनला जोडलेला एक्झॉस्टचा पहिला भाग) गळत असेल, किंवा इंजिनच्या ब्रीदरमधून (आतली वाफ बाहेर सोडणारी नळी) धूर येत असेल, तर तो होजपर्यंत पोहोचतच नाही, तिथे फॅनच कामाचा. म्हणून मी जुना फॅन काढला नाही, रेग्युलेटर लावून हळू चालवतो, ब्रेक क्लीनर वापरला किंवा इंजिन बंद केलं की पंधरा मिनिटं.

कदाचित तुमचं काम माझ्यापेक्षा वेगळं असेल. महिन्यातून एकदा गाडी सुरू करून लगेच बाहेर काढणाऱ्याला एवढा खटाटोप कशाला, फॅन पुरे, किंवा सरळ गाडी बाहेर ढकलून सुरू करावी. पण ट्यूनिंग करायचं असेल, इंजिन दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवून खाली पडून काही बघायचं असेल आणि गॅरेज गरम ठेवायला तुम्ही खर्च करत असाल, तर मला वाटतं ओढणारा होजच बघा.

मीटर मात्र दोन्हीकडे लागतोच, आणि घरात लावतात तो कार्बन मोनॉक्साइडचा साधा अलार्म इथे पुरत नाही असं माझं मत झालंय. अमेरिकेतल्या यूएल २०३४ या मानकाप्रमाणे तो ७० पीपीएमला १ ते ४ तासांनी वाजला तरी चालतं आणि ४०० ला ४ ते १५ मिनिटांत, आणि ते झोपलेल्या घरासाठी ठीक आहे पण रोज संध्याकाळी तीन तास गॅरेजमध्ये घालवणाऱ्यासाठी नाही. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेहून जास्त पटीने चिकटतो आणि साध्या हवेत अर्धा उतरायलाच चार-पाच तास घेतो, फॅनच्या दिवसात मला रात्री जेवताना डोकं जड वाटायचं ते त्यामुळेच असावं, तेव्हा मी थकवा समजायचो. कमी आकडेही दाखवणारा डिजिटल मीटर घ्या, नाकाच्या उंचीला लावा, ३० च्या पुढे गेला की मी काम थांबवतो. आणि भिंतीत भोक पाडायच्या आधी बाहेर जाऊन एकदा बघा की तिथून खिडकी किंवा घराची हवा आत घेणारी जाळी किती लांब आहे, माझं पहिलं भोक बेडरूमच्या खिडकीखाली आलं होतं आणि ते बुजवून मला दुसऱ्या भिंतीत पाडावं लागलं.