सकाळ आखायची तर गजराचं घड्याळ कोणतं घ्यावं

उद्यापासून लवकर उठून पाणी, व्यायाम, वाचन असं काहीही ठरवलं तरी ते मोडतं एकाच ठिकाणी. गजर बंद करायला फोन हातात घेतला जातो, गजर थांबतो, पण अंगठा तसाच व्हॉट्सअ‍ॅपवर घसरतो आणि सव्वासहाचे पावणेसात होतात. यावर सगळ्यात स्वस्त तोड म्हणजे फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावायचा आणि गजरासाठी वेगळं घड्याळ ठेवायचं. बाजारात ती मुख्यतः तीन जातींची मिळतात: सेलवर चालणारं साधं काट्यांचं, डोक्यावर दोन घंट्या असलेलं आणि डिजिटल. चावीचं हे चौथं, पण ते आता हौसेचं.

बहुतेक घरांना पहिलंच पुरतं. साधारण तीनशे ते सहाशे रुपयांत येतं, एका पेन्सिल सेलवर वर्षभर चालतं आणि गजर देण्यापलीकडे त्याला काहीही येत नाही, हाच त्याचा मोठा गुण. आतला क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला 32,768 वेळा कंप पावतो, त्यामुळे वेळ महिन्याला पंधरा-वीस सेकंदांपलीकडे सहसा हलत नाही. गजर मात्र इतका काटेकोर नसतो. "सहाचा लावला होता, दहा मिनिटं आधीच वाजला" ही या घड्याळांबद्दलची नेहमीची तक्रार, आणि ती खरी आहे. गजर सुटतो तासकाट्याच्या चाकावरून. ते चाक बारा तासांत एक फेरा घेतं, म्हणजे तासाला 30 अंश आणि पाच मिनिटांना अडीच. गजराचा काटा अडीच सेंटिमीटर लांब असला तर त्याच्या टोकाशी पाच मिनिटं म्हणजे जेमतेम एक मिलिमीटर. एवढ्याशा जागेत डोळ्यांच्या अंदाजाने काटा लावायचा, वर दातेरी चाकांमध्ये थोडी ढिलाई असतेच. दहा मिनिटांची चूक व्हायला आणखी काय लागतं?

यावर उपाय आहे, आणि तो घड्याळ घरी आणल्याच्या दिवशीच करावा. गजराचा काटा बरोबर सहावर ठेवा, गजराचं बटण चालू करा आणि वेळ लावायच्या चकतीने मोठा काटा साडेपाचपासून हळूहळू पुढे न्या. आवाज सुरू झाला की मिनिटं बघा. दोनदा करून पाहा. पाच पन्नासला वाजत असेल तर तुमचं घड्याळ दहा मिनिटं घाईचं आहे. गजराचा काटा सहाच्या पुढे दोन मिलिमीटर सरकवा, पुन्हा तपासा आणि जमलं की काचेवर त्या जागी मार्करने बारीक ठिपका द्या. मग घरातल्या कुणीही लावला तरी चुकत नाही. गजराची चकती फक्त बाण दाखवलेल्या दिशेनेच फिरवायची. उलट फिरवायला जोर लागतोय म्हणून आणखी जोर लावला की आतलं प्लास्टिकचं चाक गेलंच समजा.

दुसरी गोम बारा तासांची. या घड्याळाला सकाळचे सहा आणि संध्याकाळचे सहा सारखेच. संध्याकाळी पाचला बटण चालू करून ठेवलंत तर तासाभरात, ऐन दिवेलागणीला बोंबलेल. तसंच सकाळी नुसतं वरचं बटण दाबून गप्प केलं आणि मागची कळ बंद केली नाही, तर संध्याकाळी पुन्हा तेच. म्हणजे रोज रात्री चालू आणि रोज सकाळी बंद करणं आलं. कुणाला हा वैताग वाटेल. पण निजायच्या आधी कळ वर करताना उद्या कितीला आणि कशासाठी उठायचंय याचा विचार आपोआप होतो. फोनवर सोमवार ते शुक्रवार एकदाच लावून ठेवलेल्या गजरात तो होत नाही.

टिकटिक हा झोप सावध असणाऱ्यांचा शत्रू. दुकानातल्या गोंगाटात घड्याळ कानाला लावून काही कळत नाही, त्यापेक्षा सेकंदकाटा बघा. तो टुणटुण उडत असेल तर रात्री ऐकू येणार. सलग सरकत असेल तर ते स्वीप यंत्र, जवळजवळ मुकं. त्याचा सेल थोडा लवकर संपतो, तेवढं सोसावं.

सेलचं म्हणाल तर साधा झिंक-कार्बन सेल या घड्याळांना पुरेसा. रिचार्जचा टाळा. त्याचा दाब दीड नव्हे, 1.2 व्होल्ट असतो, आणि गजर वाजायला लागला की तो आणखी पडतो. सेल संपत आला की सेकंदकाटा नऊच्या आसपास जागच्या जागी थरथरतो, कारण तिथे त्याला स्वतःचं सगळं वजन वर उचलावं लागतं. हे दिसलं की त्याच दिवशी सेल बदला. कोकणात आणि किनाऱ्यालगत पावसाळ्यात सेलच्या पत्र्यांवर हिरवट-पांढरा थर धरतो. सेल काढून बारीक पॉलिश पेपरने दोन्ही टोकं घासली की झालं. मे महिन्यात महिनाभर गावी जाणार असाल तर सेल काढूनच ठेवावा.

दोन घंट्यांचं घड्याळ दिसायला झकास, आवाजही दणदणीत. ज्येष्ठांसाठी हेच घ्या. वय वाढतं तसा उंच पट्टीचा आवाज आधी ऐकू येईनासा होतो आणि साध्या घड्याळाची पीक-पीक नेमकी त्याच पट्टीत असते. धातूच्या घंटीचा आवाज बऱ्याच पट्ट्यांत पसरतो. गैरसोय अशी की हातोडी हलवणारी मोटर सेल खाते. वेळ आणि घंटी एकाच सेलवर असतील तर अशक्त सेलवर दिवसभर काटे नीट फिरतात आणि पहाटे घंटी मरतुकडी वाजते. दोघांना वेगळे सेल असलेलंच मागा. भिंतीपलीकडे शेजारी झोपत असतील तर खाली दुमडलेला नॅपकिन ठेवा. उलट आवाज वाढवायचा असेल तर स्टीलचं ताट.

डिजिटलमध्ये चोवीस तासांचा हिशोब असतो, मिनिट अचूक असतं, काहींत सुट्टीचे वार वगळता येतात. पण नुसत्या अ‍ॅडॉप्टरवर चालणारं घेऊ नका. रात्री लाइट गेली की सकाळी 12:00 ची उघडझाप बघत बसाल. आत राखीव सेल आहे का, हे दुकानातच वायर काढून तपासा. निळे आकडे अंधारात डोळ्यांना खुपतात, तांबडे बरे.

चावीची जुनी घड्याळं मुंबईच्या चोर बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात मिळतात. रोज ठरावीक वेळी वेळेची आणि गजराची अशा दोन्ही चाव्या द्यायच्या, दिवसाला मिनिट-दोन मिनिटांचा फरक मान्य करायचा. अंधारात चमकणाऱ्या फार जुन्या काट्यांवर रेडियमचा रंग असू शकतो, म्हणून काच उघडून पुसापुशी करू नका.

आता जागा. उशाशी ठेवलेलं कुठलंही घड्याळ झोपेतच बंद होतं, मग ते कितीही महागाचं असो. ते उठल्यावरच्या पहिल्या कामापाशी ठेवावं, आणि बऱ्याच घरांत ते काम म्हणजे गीझरचं बटण. 15 लिटरचा, 2,000 वॉटचा गीझर 22 अंशांचं पाणी 50 अंशांवर न्यायला साधारण पंधरा मिनिटं घेतो. घड्याळ त्या बटणापाशी असलं की गजर बंद आणि गीझर चालू एका फेरीत होतं, आणि व्यायामाला किंवा वाचनाला पंधरा मिनिटांची सीमा आपसूक पडते. फक्त खोलीचं दार लावून, पंखा पाचवर ठेवून तिथला आवाज पलंगावर पोचतो का ते आदल्या दिवशी पाहून घ्या. गजराची वेळ मात्र उलटीकडून काढायची: घर सोडायची वेळ, त्यातून डबा, अंघोळ, चहा वजा करत मागे यायचं. उरलेल्या आकड्यातून डुलकीची पाच मिनिटं काढायची नाहीत. स्नूझ नसलेलं घड्याळ मिळालं तर उत्तमच.

डिसेंबरात नळाचं पाणी अठरा अंशांवर आलं की गीझरला दोन मिनिटं जास्त लागतात. त्यासाठी गजराचा काटा हलवायच्या फंदात पडू नका, अर्ध्या मिलिमीटरहून कमी सरकवणं कुणालाच साधत नाही. तेवढ्यात चहाचं आधण ठेवून घ्या.