कॅट-६ केबल: पावसाळा आणि उन्हाळा काढल्यानंतरचा अनुभव

खालच्या मजल्यावर कार्यालय, वर घर आणि गच्चीवर कॅमेरे, अशा आमच्या वास्तूत कॅट-६ केबल (संगणक, कॅमेरे नेटवर्कला जोडणारी केबल) टाकून आता एक पावसाळा आणि एक उन्हाळा उलटला आहे. केवळ वेगाचा विचार केला तर आधीच्या श्रेणीची कॅट-५ई पुरेशी होती, कारण तीही १०० मीटरपर्यंत सेकंदाला १ गिगाबिटचा वेग देते. मात्र भिंतीतील केबल पुन्हा पुन्हा बदलता येत नाही आणि कॅट-६ वर सुमारे ५५ मीटरपर्यंत १० गिगाबिट शक्य असते, म्हणून ती निवडली. त्याहून वरच्या श्रेणीच्या कॅट-८ चा घरात उपयोग नाही. ती डेटा सेंटरमधील ३० मीटरपर्यंतच्या जोडण्यांसाठी आहे.

खरा फरक मात्र आकड्यापेक्षा धातूने पडतो, असे माझे ठाम मत झाले आहे. गच्चीवरच्या कॅमेऱ्याला पूर्वीची केबल होती, तिच्यावरही कॅट-६ असेच छापलेले होते. पण आत तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियम होते. ॲल्युमिनियमचा विद्युतरोध तांब्याच्या दीडपटीहून अधिक असल्यामुळे, याच केबलमधून वीज घेणारा कॅमेरा रात्री इन्फ्रारेड दिवे लागून भार वाढला की बंद पडून पुन्हा सुरू होत असे. शुद्ध तांब्याची केबल टाकल्यापासून ही तक्रार एकदाही आली नाही. खरेदी करताना तारेचे टोक चाकूने खरवडून पाहावे. आत चंदेरी रंग दिसला तर ती केबल, कितीही स्वस्त असली तरी, घेऊ नये.

उणिवाही सांगायला हव्यात. तारांच्या चार जोड्यांमधल्या प्लॅस्टिकच्या दुभाजकामुळे ही केबल ताठ असते, अरुंद पाइपमधून वळवताना त्रास होतो आणि जाड तारांमुळे कॅट-५ई चे कनेक्टर तिला नीट बसत नाहीत. एका टोकाचे क्रिम्पिंग (तारांवर कनेक्टर दाबून बसवणे) सैल राहिल्याने संगणकावर १ गिगाबिटऐवजी १०० मेगाबिट दिसत होते; चारपैकी एका जोडीचा संपर्क तुटला होता आणि कनेक्टर बदलताच वेग पूर्ववत झाला.

उघड्यावर मात्र घरातली साधी पीव्हीसी आवरणाची केबल वापरू नये, कारण उन्हाने तिचे आवरण कडक होऊन तडकते. गच्चीसाठी आम्ही काळ्या पॉलिइथिलीन आवरणाची केबल घेतली आणि भिंतीत शिरण्यापूर्वी तिला खालच्या बाजूस एक वळसा ठेवला, त्यामुळे पावसाचे पाणी केबलवरून आत न ओघळता वळशापाशीच ठिबकून जाते.