बिल्ला भोयाला, परवाना गाडीला की नोंदणी मालकाची? प्रबंधासाठी कोलकाता, मुंबई आणि सिंगापूर यांची तुलना

एकोणिसाव्या शतकातील वसाहती बंदरांत भाड्याच्या वाहनांवर सरकारने नियंत्रण कसे बसवले, या विषयावर प्रबंध लिहू पाहणाऱ्या मराठी विद्यार्थ्यापुढे साधारणपणे कोलकाता, मुंबई आणि सिंगापूर ही तीन शहरे येतात. परवाना, क्रमांक, दरपत्रक आणि दंड ही साधने तिन्हीकडे थोड्याफार फरकाने तीच होती. मात्र सरकारने प्रथम हात कुणाला घातला, यात मोठे अंतर आहे. कोलकात्यात तो ओझे वाहणाऱ्या माणसाला घातला, मुंबईत गाडी आणि गाडीवान या दोघांना, तर सिंगापुरात मुख्यतः मालकाला. शहर निवडताना हे अंतर आधी पाहावे, कारण सरकारी कागदांत कोण दिसतो आणि कोण झाकला जातो, हे बऱ्याच अंशी त्यावरच ठरते.

कोलकात्याचे प्रकरण सर्वांत जुने आणि सर्वांत नाट्यमय आहे. १८२७ मध्ये तेथील पोलिसांनी पालखीच्या भोयांवर नोंदणी, क्रमांकाचा बिल्ला आणि तासांच्या हिशेबाने ठरवलेले भाडे असे नियम लादले. बहुतेक भोई ओडिशातून आलेले होते. बिल्ल्याचा खर्च त्यांच्याच माथी येणार होता आणि वेळ मोजणारे घड्याळ मात्र गिऱ्हाइकाच्या खिशात राहणार होते, तेव्हा त्यांनी पालख्या खाली ठेवल्या, यात नवल नाही. याच संपाच्या काळात ब्राउनलो नावाच्या साहेबाने पालखीचे दांडे काढून तिला चाके लावली आणि त्यातून ‘ब्राउनबेरी’ गाडी निघाली, अशी कथा सांगितली जाते. संशोधकाची अडचण अशी की हे सारे काही आठवड्यांत आटोपते आणि भोयांचे म्हणणे बहुतांशी इंग्रजांच्या वृत्तपत्रांतून व पोलिसांच्या अहवालांतून गाळून आपल्यापर्यंत पोहोचते. एका चांगल्या निबंधाला हा ऐवज पुरेल. संपूर्ण प्रबंध त्यावर उभा करायचा, तर बंगाली आणि ओडिया या दोन्ही भाषा वाचता आल्या पाहिजेत.

सिंगापूर १८६७ पर्यंत हिंदुस्थान सरकारच्याच अखत्यारीत होते, त्यामुळे ते वाटते तितके परके नाही. तेथे १८८० मध्ये शांघायहून माणसाने ओढायच्या रिक्षा आल्या, १८८८ मध्ये त्यांच्यासाठी स्वतंत्र खाते निघाले आणि १८९२ मध्ये स्वतंत्र कायदा झाला. रिक्षा ओढणारे चिनी स्थलांतरित स्वतः मालक क्वचितच असत. ते मालकाकडून रिक्षा पाळीने भाड्याने घेत आणि कित्येकदा त्याच्याच खोल्यांत दाटीवाटीने राहत. मालकाला धरले की खालची सारी माणसे आपोआप शिस्तीत येतील, हा सरकारचा हिशेब होता. तो फसला, हे १९०१ च्या संपाने दाखवून दिले, कारण रस्त्यावर दंड होत होता तो ओढणाऱ्यालाच. तरीही साधनांच्या दृष्टीने हे शहर सर्वांत सोयीचे आहे. जुनी इंग्रजी वृत्तपत्रे तेथील राष्ट्रीय ग्रंथालयाने संगणकावर खुली केली आहेत, आणि रिक्षावाल्यांच्या अपमृत्यूंच्या चौकशीचे कागद त्यांच्या खोल्या, कर्जे आणि आजार यांविषयी जे सांगतात, ते परवान्यांच्या नोंदवहीत कधीच सापडणार नाही. मात्र या कागदांवर आधीच भरीव काम झालेले आहे. नव्या विद्यार्थ्याने त्यात काय भर घालायची, हा प्रश्न उरतोच.

मुंबईत असा एखादा स्फोटक प्रसंग शोधू नये; तेथे पाहायची ती एका कायद्याची दीर्घ कारकीर्द. मुंबई इलाख्याच्या विधिमंडळाचे कामकाज १८६२ मध्ये सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी भाड्याच्या वाहनांसाठी १८६३ चा सहावा कायदा संमत झाला. अमेरिकेतील यादवीमुळे कापसाचा भाव चढलेला, बोरीबंदरहून रेल्वे सुटू लागून दहा वर्षे झालेली आणि शहरात माणसांची रीघ लागलेली, असा तो काळ होता. गाडी आणि गाडीवान या दोघांनाही परवान्याखाली आणणारा हा कायदा १९२० मध्ये नवा कायदा येईपर्यंत, म्हणजे ५७ वर्षे, टिकला. त्या अवधीत रस्ता मात्र पार बदलला. ९ मे १८७४ रोजी कुलाबा ते पायधुणी घोड्यांची ट्राम सुरू झाली आणि तिचे भाडे सुरुवातीला तीन आणे होते. ठरलेल्या मार्गावर, ठरलेल्या दरात, करार करून आलेली कंपनी एकीकडे आणि सुटे परवानाधारक गाडीवान दुसरीकडे, अशी स्पर्धा येथे दिसते. नियमनाच्या दोन पद्धती एकाच रस्त्यावर शेजारी शेजारी चाललेल्या पाहायच्या असतील, तर माझ्या मते या तिघांत मुंबईसारखे दुसरे शहर नाही.

मराठी वाचणाऱ्याला आणखी एक लाभ आहे. कायदा झाला त्याच साली, १८६३ मध्ये, गोविंद नारायण माडगावकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ प्रसिद्ध झाले. सरकारी कागदांच्या जोडीला गावकऱ्याच्या नजरेचे साधन इतक्या नेमक्या वेळी क्वचितच मिळते. अडचण आहे ती कष्टांची. महाराष्ट्र पुराभिलेखागारातील दफ्तरे एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत बसून खंडामागून खंड चाळावी लागतात. व्हिक्टोरिया या घोडागाडीच्या आठवणीत रमण्याचा मोहही आवरावा लागतो; त्या गाड्या बंद करण्याच्या उच्च न्यायालयाच्या २०१५ च्या आदेशानंतर त्या विषयावर हळहळ पुष्कळ लिहिली गेली, पण तिचा या प्रबंधाला उपयोग नाही.

मुंबईत राहून वर्षभर दफ्तरखान्यात जाणे शक्य असेल, त्याने मुंबईच घ्यावी आणि मर्यादा १८६३ पासून १९०७ मध्ये विजेची ट्राम येईपर्यंत आखावी. घरबसल्या काम करणे भाग असेल, तर सिंगापूर घ्यावे. पण मग रिक्षावाल्यांच्या हालअपेष्टांपेक्षा मालक आणि खाते यांच्यातील व्यवहारावर भर द्यावा, कारण नवे काही सांगायला जागा तेथेच अधिक आहे. कोलकात्याचे १८२७ दोन्ही प्रबंधांत पहिल्या प्रकरणापुरते घेता येईल.