एग बॉयलर आठ महिने वापरून : उकडायचं टेन्शन गेलं, सोलायचं नाही

आधीच सांगते, अंडी उकडायला मशीन घेतात हे ऐकून मी स्वतः हसलेली बाई आहे. पातेल्यात पाणी, पाण्यात अंडी, खाली गॅस, त्यात मशीन कशाला. पण आमच्याकडे सासूबाई माळकरी आहेत, त्यामुळे अंड्याचं पातेलं वेगळं, ते ठेवायची जागा वेगळी, आणि त्यांचा चहा झाल्याशिवाय ते गॅसवर चढत नाही. मुलगा पोलीस भरतीची तयारी करतोय, पहाटे ग्राउंडवरून आला की त्याला चार अंडी लागतात, ह्यांना दोन, मला एक. मागच्या दिवाळीनंतर एकदा मी गॅसवर अंडी ठेवून कपडे वाळत घालायला गेले आणि विसरले, पाणी आटलं, आणि एक अंडं असं फुटलं की बलक थेट एक्झॉस्ट फॅनपर्यंत. दोन दिवस वास, आणि सासूबाईंचा अबोला चार दिवस. त्या आठवड्यात ह्यांनी गुपचूप हे मशीन मागवलं, साडेपाचशेला पडलं. सात अंड्यांचं, 360 वॅटचं. आता ते गॅलरीत स्टुलावर असतं, किचनमध्ये त्याला एन्ट्री नाही.

सोबत एक छोटा मापाचा कप येतो, त्याच्या बुडाला टाचणी असते. अंड्याच्या रुंद टोकाला टाचणीने भोक पाडायचं (तिथे आत हवेची पोकळी असते, ती हवा तापून फुगली की टरफल तडकतं), मग मापाने पाणी तव्यावर ओतायचं, जाळीवर अंडी ठेवायची, झाकण, बटण. पाण्यात उकळत नाहीत अंडी, वाफेवर शिजतात. पाणी संपलं की खालचा तवा शंभर डिग्रीच्या वर जातो आणि थर्मोस्टॅट बंद करतो. म्हणजे टायमर वगैरे काही नाही, पाणी हाच टायमर.

आणि इथेच मी पहिले आठ दिवस गंडले. कपावर लिहिलेलं की जास्त अंडी असतील तर पाणी कमी घाला. मला वाटलं छपाईची चूक, जास्त अंडी म्हणजे जास्त पाणी हे कुणीपण सांगेल, म्हणून मी उलटं करत राहिले आणि अंडी रबरासारखी, बलकाभोवती हिरवट-काळी रिंग. मुलगा म्हणाला, आई ही खराब आहेत. खराब नसतात ती, जास्त शिजलं की पांढऱ्यातलं गंधक आणि बलकातलं लोह एकत्र येऊन तो रंग येतो, खायला काही प्रॉब्लेम नाही, पण बघवत नाही. मग एकदा झाकणातून नीट बघत बसले तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. वाफ थंड अंड्यांवर बसते, तिचं परत पाणी होतं आणि टपटप खाली तव्यावर पडतं. अंडी जास्त तर तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरतं, एकच अंडं असेल तर वाफ सरळ झाकणाच्या भोकातून बाहेर. तेव्हापासून कंपनीचं माप मुकाट्याने पाळते. सात अंडी घट्ट उकडायला माझ्याकडे साधारण 15 मिनिटं लागतात, फ्रिजमधून काढलेली असतील तर अजून थोडी. अकरा वेळा लावलं की एक युनिट, म्हणजे बिलाचं रडगाणं नाही.

आवडलेली गोष्ट ही एकच पण मोठी, लक्ष द्यावं लागत नाही. फक्त बंद झाल्यावर आवाज करत नाही, लाल लाइट विझते बस, आणि गॅलरीत सकाळच्या उन्हात ती लाइट दिसतच नाही. सासूबाई विचारतात, "अगं, तुझं ते यंत्र शिट्टी का देत नाही?" त्यांचं बरोबर आहे. बंद झाल्यावर तशीच झाकून ठेवली तर आतल्या वाफेत अंडी शिजतच राहतात आणि ती रिंग परत येते. लगेच काढून थंड पाण्यात टाकायची, हे मशीन असो की पातेलं, सुटका नाही.

आता सोलणं. विकणारे "टरफल सहज निघतं" म्हणतात त्यावर विश्वास ठेवू नका. मार्चमध्ये बहिणीच्या गावाहून त्याच सकाळची गावरान अंडी आणली, हौसेने लावली, आणि सोलल्यावर सगळी उंदराने कुरतडल्यासारखी, निम्मं पांढरं टरफलालाच. मशीनला शिव्या घातल्या. मग उरलेली आठ-नऊ दिवसांनी उकडली, तेच मशीन, तेच माप, आणि टरफल दोन तुकड्यांत निघालं. ताज्या अंड्याचं हेच असतं. दिवस जातात तसा आतला कार्बन डायऑक्साइड टरफलाच्या बारीक छिद्रांतून निघून जातो, पांढऱ्याचा पीएच नऊच्या वर जातो आणि मग ते आतल्या पापुद्र्याला कमी चिकटतं. आता मी 30 चा ट्रे आणते आणि आठवडाभर त्यातली बुर्जी-ऑम्लेटला वापरते, उकडायला जुन्या ट्रेमधली. सोलताना रुंद टोकाकडून, नळाच्या बारीक धारेखाली. मीठ, सोडा सगळं करून झालं, मला तरी काही फरक दिसला नाही.

तक्रारी. आमच्याकडे बोअरचं पाणी, दोन महिन्यांत तव्यावर क्षारांचा पांढरा थर, आणि मशीन पाणी शिल्लक असतानाच बंद व्हायला लागलं, अंडी कच्चट. मी समजले बिघडलं. अर्ध्या लिंबाचा रस आणि थोडं पाणी तव्यावर घालून तासभर ठेवलं, पुसलं, परत नीट. आता फिल्टरचं पाणी घालते. टाचणी तीनदा बोटात घुसली आहे, लहान मुलं असतील तर तो कप वर ठेवा. आणि मशीन खाली तव्यापाशी धुता येत नाही, फक्त पुसायचं, त्यामुळे अंडं फुटून पांढरं तव्यावर करपलं की घासत बसा.

श्रावणात महिनाभर माळ्यावर होतं, उतरवलं तेव्हा झाकणाला कडेने चीर. वाफ तिथून जाते, म्हणून आता चमचाभर पाणी जास्त घालावं लागतं. कंपनीला दोन मेल केले, उत्तर नाही. झाकण सुटं मिळत नाही म्हणे, आख्खं मशीन घ्या.

रोज पाच-सात अंडी लागत असतील तर घ्या, पण स्टीलच्या तव्याचं आणि शक्यतो बीप वाजणारं. एक-दोन अंड्यांसाठी नको, उकळत्या पाण्यात सोडून 12 मिनिटं धरली की पातेल्यातही तितकीच चांगली होतात. माझे पाचात साडेतीन स्टार, झाकण टिकलं असतं तर चार. सात अंड्यांवाल्याचं गोल झाकण कुणाला सुटं मिळालं असेल तर दुकान नक्की सांगा.